गुलगुल्याचे दात

ज्या वर्षांत वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं, त्याच वर्षांत अमरावतीच्या पिंजाऱ्यांच्या घरी चुली थंडावल्या. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. पण झालं ते असंच झालं. सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची कसलीशी लढाई जुंपली, तिकडचा कापूस यायचा थांबला, आणि इकडे शेतातलं बोंड उकलायच्या आत त्याला गिऱ्हाईक उभं राहू लागलं. सगळा कापूस गाड्यांवर चढून मुंबईकडे जायचा. गादीत कोण भरणार? उलट लोकांनी घरातल्या जुन्या गाद्या, रजया उसवल्या आणि आतला मळका कापूससुद्धा विकून टाकला. नबी पिंजाऱ्याच्या बापाने भरलेल्या गाद्या नबीच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर उसवल्या गेल्या.

नबीची पिंजण मग खुंटीला टांगली गेली. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत त्या घरात पिंजणीच्या ताणलेल्या तातीचा टणत्कार चालायचा. तो बंद पडला तेव्हा नबीच्या बायकोला, कुलसुमबीला, पहिले काही दिवस कान बसल्यासारखे वाटले. पोटची एकच पोर, नईमा, ती लग्न होऊन बाळापूरला गेलेली. नबीने वर्षभर कळ काढली आणि शेवटी तो अकोल्याला निघून गेला. तिथे सरकी काढलेली रुई दाबून तिचे बोजे बांधायचे पेच लागले होते, त्यांना माणसं हवी होती. जाताना म्हणाला, "बस्तान बसलं का बलावतो तुले."

कुलसुमबी मागे राहिली, कारण तिला कॅम्पाकडच्या एका बंगल्यात झाडलोटीचं काम मिळालं होतं. बंगला कापूस खरेदी करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाचा. त्याच्या लहान मुलीने विलायतेहून येताना एक जनावर आणलं होतं. उंदरापेक्षा मोठं, सशापेक्षा लहान, शेपूट नाही, अंगावर पांढरी आणि तांबूस ठिगळं. साहेबाच्या घरी त्याला गिनी पिग म्हणत. नोकरमंडळी म्हणत विलायती उंदीर. कुलसुमबी त्याच्या लाकडी पेटीतली घाण काढायची, तेव्हा ते तिच्या हाताला नाक लावून बघायचं.

त्या उन्हाळ्यात मेमसाहेबाला वऱ्हाडचं ऊन सोसेना. मुलीला घेऊन ती परत विलायतेला निघाली, साहेबाने खामगावला बिऱ्हाड हलवलं. मुलगी रडत होती. मेमने पेटी उचलून कुलसुमबीच्या हातात दिली, बागेकडे हात करून काहीतरी पुन्हा पुन्हा सांगितलं. कुलसुमबीला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिला वाटलं, बाई बागेचा निरोप घेते आहे. तिने मान हलवली आणि पेटी डोक्यावर घेऊन घरी आली.

घरी त्याचं नाव पडलं गुलगुला. दिसायलाही तो तसाच, कढईतून नुकत्याच काढलेल्या गुलगुल्यासारखा गोल आणि मऊ. नवीन जागेत दोन दिवस कोपऱ्यात दबून बसला. मग एका दुपारी कुलसुमबी पाण्याचा घडा घेऊन दारात आली, आणि आतून शीळ ऐकू आली. बारीक, लांब, चढत जाणारी. ती दचकली. घरात कोणी माणूस आहे की काय म्हणून तिने आत पाहिलं, तर गुलगुला पेटीच्या कडेला पुढचे पाय टेकून उभा, आणि तिच्याकडे बघत शीळ घालत होता. त्यानंतर तिचं पाऊल गल्लीच्या तोंडाशी वाजलं की ही शीळ सुरू व्हायची. मुक्या पडलेल्या घरात कोणीतरी तिची वाट बघू लागलं होतं.

बंगल्याचं काम सुटलं होतं. कुलसुमबी आता लोकांकडे दळणकांडण करायची. पण गुलगुल्याला तिने काही कमी पडू दिलं नाही. भाकरी दुधात कुस्करून द्यायची. खिचडी मऊ करून द्यायची. कधी गुळाचा खडा. त्याचे दात पुढे दोन वर, दोन खाली, तांदळाच्या कण्यांसारखे. एवढ्याशा दातांनी बिचारा काय चावणार, म्हणून ती सगळं बोटांनी मोडून, भिजवून त्याच्यापुढे ठेवायची. गवत तिने आणलं नाही. एक तर गवत मिळत नव्हतं. ज्वारीची वावरं लोकांनी कापसाखाली घातली होती, कडब्याची पेंढी दिसेनाशी झाली होती, आणि असेल नसेल ती गवताची काडी गाडीवाल्यांचे बैल खात होते. पण मिळतं तरी तिने ते दिलं असतं की नाही, कोण जाणे. गवत ढोरांचं. हा तर घरातला होता.

शेजारची भाजी विकणारी पार्वताबाई दारातून बघायची आणि म्हणायची, "मायबाई, इथं माणसाच्या लेकरायले दूध नाई, अन् तू उंदराले पाजून राहिली."

"उंदीर नोहे तो," कुलसुमबी म्हणायची.

"मंग काय हाये?"

कुलसुमबी पुढची भाकरी कुस्करायला घ्यायची.

पावसाळा सरता सरता गुलगुल्याचं काहीतरी बिनसलं. भाकरीचा काला पुढे ठेवला की तो धावत यायचा, तोंड घालायचा, एक घास उचलायचा, आणि तो तसाच तोंडातून खाली पडायचा. पुन्हा उचलायचा, पुन्हा पडायचा. भूक होती, डोळ्यांत दिसत होती. हनुवटीखालचे केस ओले राहू लागले. लाळ गळून गळून तिथली कातडी लाल झाली. कुलसुमबीला वाटलं, नजर लागली. तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या. दर्ग्यातला धागा आणून गळ्यात बांधला, तर तोही लाळेने भिजून गेला.

एक दिवस त्याला मांडीवर उताणा धरून तिने ओठ वर केला आणि बघतच राहिली. तांदळाच्या कण्या कुठे गेल्या होत्या? वरचे दात वळून आत शिरले होते, खालचे लांब होऊन तिरपे बाहेर आले होते. तोंड मिटत नव्हतं. तिला इतकंच कळलं, की दात वाढलेत आणि ते कापले पाहिजेत.

अंगावरच्या पदरात त्याला गुंडाळून ती शालिकराम सोनाराच्या दुकानी गेली. त्या दिवसांत शालिकरामला मान वर करायला फुरसत नव्हती. कास्तकार बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करून घेत होते, दुकानापुढे रांग लागलेली असायची. पण नबीने त्याच्या लग्नातल्या गाद्या पिंजल्या होत्या, आणि माणूस ओळख विसरणारा नव्हता.

"काय आणलं भाबी?" तो म्हणाला. पदर उघडताच मागे सरकला. "हे काय व्हय?"

"दात कापाचे हायेत याचे. तुमच्या कात्रीनं. बारीक कात्री हाये न तुमच्यापाशी?"

"अवो, मी तार कापतो, पत्रा कापतो. जनावर कसं कापू?"

"जनावर नका कापू. दात कापा. उपाशी मरून राहिला तो."

शालिकरामने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हात पुसले. तारा तोडायची बारीक पकड घेतली. कुलसुमबीने गुलगुल्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. एक, दोन, खटकन आवाज झाले, आणि दाताचे तुकडे सोनाराच्या चटईवर पडले. मग त्याने छोटी कानस फिरवून टोकं बोथट केली. गुलगुला थरथरत होता, पण त्याचं तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी त्याने थोडा काला खाल्ला. कुलसुमबीने पार्वताबाईला हाक मारून बोलावलं आणि दाखवलं. पुढचे दोन आठवडे ती गल्लीतून जाताना दिसली की लोकांना वाटायचं, हिला नबीचा काही चांगला निरोप आला असावा.

पण लाळ काही थांबली नाही. खाणं पुन्हा कमी झालं. दात पुन्हा वाढले, तेही वाकडे. ती परत शालिकरामकडे गेली. या खेपेला पकड दाबताच दात आडवा न तुटता उभा चिरला, थेट हिरडीपर्यंत. रक्त आलं. गुलगुला ओरडला. त्याची शीळ तिला ठाऊक होती, हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

शालिकरामने पकड खाली ठेवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"भाबी, मी धातू कापणारा माणूस. जितं हाड कापाचं माह्यं काम नोहे. पाया पडतो, पुन्हा नका आणू याले."

त्यानंतर कुलसुमबी त्याला बोटाने भरवू लागली. भात शिजवून, पाट्यावर वाटून, दुधात पातळ करायची, करंगळीवर घ्यायची आणि गालाच्या फटीतून आत सोडायची. अर्धं आत, अर्धं बाहेर. एका वाटीला अर्धी दुपार जायची. दळणाची कामं हातची गेली, कारण तिचा वेळ बांधलेला झाला होता. पदरात घेतला की त्याच्या पाठीचे मणके बोटांना लागायचे. शीळ कधीच बंद झाली होती. तिचं पाऊल वाजलं की तो नुसता कान हलवायचा.

दिवाळी झाल्यावर अकोल्याकडून पुंजाराम गाडीवान आला. नबीचा निरोप त्याच्यापाशी होता. पेचावर राहायला खोपटं मिळालं आहे, येत असशील तर ये. कुलसुमबीने निरोप ऐकला आणि भलतंच विचारलं.

"पुंजारामभाऊ, अकोल्यात जनावरायचा कोणी वैद्य हाये?"

"हाये न. डाकेच्या घोड्यायचा सलोत्री हाये एक. वाहेदमियाँ. घोड्यायचे दात घासते तो, मी डोयानं पाह्यलं."

"दात?"

"हो. कानस घालते तोंडात. मंग घोडा चारा खाते पहिल्यासारखा."

दुसऱ्या दिवशी कुलसुमबीने घराला कडी घातली आणि पुंजारामच्या गाडीत कापसाच्या बोऱ्यांवर चढून बसली. मांडीवर टोपली, टोपलीत जुनं लुगडं, लुगड्यात गुलगुला. पुढेमागे नजर पोचेल तिथवर कापसाच्या गाड्याच गाड्या. मुक्कामाला ती उतरायची, तीन दगड मांडून भात शिजवायची, दगडावरच ठेचून त्याला भरवायची. मूर्तिजापूरच्या मुक्कामाला गाडीवाल्यांनी तिची टिंगल केली. पुंजाराम त्यांना म्हणाला, "राहू द्या रे. तिले दुसरं कोणी नाई." हे तिने ऐकलं. नवरा जिवंत, लेक जिवंत, आणि माणूस खोटं बोलला असंही तिला वाटलं नाही.

अकोल्याला पोचल्यावर ती आधी पेचावर गेली नाही. डाकेचे घोडे कुठे बांधतात ते विचारत गेली.

वाहेदमियाँ पांढऱ्या दाढीचा, कमरेत वाकलेला माणूस होता. त्याने हसण्यावारी नेलं नाही. टोपली उन्हात आणायला सांगितली. गुलगुल्याच्या जबड्यावरून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली, बांबूची पातळ पट्टी तोंडात सरकवली, आणि सूर्याकडे तोंड करून एक डोळा मिटून कितीतरी वेळ आत बघत राहिला.

"पुढचे दात कोणं कापले?"

"सोनारानं."

"पुढच्या दाताईचा कसूर नाई, बेटी. खराबी मांगं हाये. दाढाईची. दोनी बाजूच्या दाढा वाढून आतमंदी झुकल्या. जिभीवर पूल बांधल्यासारख्या. जीभ खाली फसली. घास मांगं जाईन कसा?"

"मंग त्या घासा. घोड्याच्या घासता तशा."

वाहेदमियाँ उठला, आतून कानस घेऊन आला आणि टोपलीशेजारी जमिनीवर ठेवली. कानस कुलसुमबीच्या हाताएवढी लांब होती. गुलगुला तिच्या निम्माही नव्हता.

"याच्या तोंडात माही करंगळी जात नाई," तो म्हणाला. "काय झालं ते मले दिसते. पण तिथवर हात पोचत नाई. असं हत्यार कोणं बनवलंच नाई."

कुलसुमबी कानशीकडे बघत बसली. वाहेदमियाँने विचारलं, "खाऊ काय घालत होती याले?"

तिने सांगितलं. दूधभाकरी, मऊ खिचडी, गूळ. सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता, की मी याला काही कमी केलं नाही.

 एका घोड्याने शेपटी झटकली, तिकडे म्हाताऱ्याने बघितल्यासारखं केलं.

"काय झालं, चाचा? सांगा न."

"ह्याचे दात घोड्यासारखे दिसतात. जिंदगीभर वाढत राहणारे. घोडा दिवसभर गवत चावते, चावता चावता दात झिजतात. मऊ खाल्लं तर झिजन काय?" मग घाईने म्हणाला, "तुले कोण सांगणार होतं, बेटी. हे जनावर मीच पहिल्यांदा पाहून राहिलो."

तेव्हा कुलसुमबीला मेमचा हात दिसला. बागेकडे केलेला. बागेत हिरवळ होती. पेटीत रोज सकाळी मूठमूठ गवत असायचं, आणि ते तिनेच झाडून बाहेर काढलेलं होतं.

"आता गवत देतो मी," ती म्हणाली. "कुठूनबी आणतो."

"आता त्याले चावता येत नाई."

वाहेदमियाँने आणखी एक गोष्ट सांगितली, नजर खाली ठेवून. अजून जास्तीत जास्त थोडे दिवस. ते दिवस भुकेचे. त्यापेक्षा अफूच्या पाण्याचे थेंब दिले तर झोपेत जाईल. कुलसुमबीने टोपली उचलली आणि चालू लागली.

पेचावर नबी तिला ओळखूच आला नाही. डोक्याला, भुवयांना, दाढीला रुईचे तंतू चिकटलेले, आणि प्रत्येक वाक्याआधी खोकला. तो पिंजतानाही रुईत असायचा, पण तिथे दार उघडं असे, वारा असे. इथे बंद छपरात माणसं पायांनी रुई तुडवत होती. तिला बघून त्याचा चेहरा उजळला.

"आली तू. मले वाटलं नोतं येशील म्हणून." मग त्याची नजर टोपलीत गेली. "हे काय आणलं?"

तिने सगळं सांगितलं. सलोत्रीकडे जाऊन आल्याचंही सांगितलं. नबी ऐकत होता, खोकत होता.

"म्हणजे याच्यासाठी आली," तो शेवटी म्हणाला.

तिला खोटं बोलता आलं असतं. पण जीभ वळली नाही.

नबी रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तिला खोपटं दाखवलं, पाण्याची जागा दाखवली, आणि तो कामावर परत गेला.

पुढचे दिवस कुलसुमबी मोर्णा नदीच्या काठाने गवत शोधत हिंडली. मिळालं तेवढं कोवळं गवत आणून तिने पेटीभर पसरावं तसं टोपलीत पसरलं. गुलगुल्याला वास आला. किती दिवसांनी तो आपणहून उठला, अडखळत पुढे गेला, एक पातं ओठांत धरलं. ते पातं अर्धं आत, अर्धं बाहेर तसंच लोंबत राहिलं. तो तोंड हलवत होता आणि पातं जागचं हलत नव्हतं. कुलसुमबीने ते पाट्यावर वाटून रस करून दिला, तोही हनुवटीवरून ओघळला. दुसऱ्या दिवशी त्याने गवताकडे पाठ केली.

सकाळी नबी कामावर गेल्यावर ती वाहेदमियाँकडे गेली. म्हाताऱ्याने टोपलीत एकदा पाहिलं. वाटीत अफू कालवली, आणि वाटी तिच्याच पुढे धरली.

"मी?" ती म्हणाली.

"माह्या हातानं तो घाबरन. तुह्या बोटाची सवय हाये त्याले."

कुलसुमबीने करंगळी वाटीत बुडवली. गालाच्या फटीतून थेंब आत सोडला. आणखी एक. कडू असणार, पण त्याने तोंड फिरवलं नाही. रोजचाच घास समजून गिळायचा प्रयत्न करत राहिला. वाहेदमियाँ घोड्यांना पाणी दाखवायला निघून गेला. ऊन तबेल्याच्या भिंतीवरून खाली आलं तेव्हा गुलगुल्याचं अंग मांडीवर जड झालं होतं, आणि पोटाची धडधड थांबली होती. त्याने डोळे मिटले नव्हते. तिने मिटायचा प्रयत्न केला, मिटेनात.

नदीच्या काठाला तिने हातांनीच खड्डा केला. काळी माती वाळून भेगाळलेली होती, नखं फाटली. परत आली तेव्हा नबी खोपटात बसून भाकरीची वाट बघत होता. तिने चूल पेटवली.

दुसऱ्या दिवसापासून ती पेचावर बायकांच्या टोळीत रुईतला कचरा वेचायला बसली. पुढल्या वर्षी ती लांबची लढाई संपली, आणि कापूस असा कोसळला की लोकांना पुन्हा गाद्या, रजया भराव्याशा वाटू लागल्या. नबी अमरावतीला जाऊन पिंजण घेऊन आला. पण ती उचलून एक हात मारला की त्याला खोकल्याची उबळ यायची आणि तो खाली बसायचा. पिंजण मग कुलसुमबी धरू लागली. नबी कोपऱ्यात पडून तिच्या ठेक्यातल्या चुका सांगायचा. दोन पावसाळे काढून तो गेला. त्याच्या आजारातही ती त्याला मऊच भरवत होती, आणि प्रत्येक घासाला विचारायची, "हे चालते न तुमाले? नक्की चालते न?" नबीला ते विचारणं कळायचं नाही. तो म्हणायचा, "काहून इतलं इचारतं?"

कुलसुमबी अकोल्यातच म्हातारी झाली. नईमाने बाळापूरला बोलावलं, तर गेली नाही. घरात मांजर येऊ दिलं नाही, कोंबडी ठेवली नाही. एकदा शेजारच्या जमुनाची शेळी व्याली. म्हातारी एकटीच असते म्हणून जमुना एक करडू कडेवर घेऊन आली.

"घे वं बुढे. तुले सोबत होईन."

करडाने मान लांब करून कुलसुमबीच्या हाताचा वास घेतला. तिने हात मागे घेतला.

"मले नको देऊ, माय," ती म्हणाली. "त्यायले काय पायजे ते मले समजत नाई."

जमुना करडू घेऊन परत गेली.